परतीचा टेम्पो

आमचा पिकअप रात्री दहा-अकराला भरून पुण्याच्या बाजाराला दिवेघाट उतरायचा आणि सकाळी नऊच्या आत रिकामा वर यायचा. जाताना फ्लॉवर, कोबी, मोसमात वाटाणा. येताना मोकळी क्रेट, चार बारदानं आणि आत्यांसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी, तंबाखूचा पुडा. डिझेल मात्र दोन्ही वाटांना लागायचंच. दहा वर्षं हे असं चाललं होतं.

एका उन्हाळ्यात शेणखताच्या ट्रॉलीला साडेपाच हजार सांगितले, आणि आली त्या ट्रॉलीत निम्मी माती. पूर्वी आमच्या दारात दोन बैल, तीन गाई आणि एक म्हैस होती. मामा, म्हणजे सासरे, गेले, बैल विकले, नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला. आता एक जर्सी आणि तिची कालवड. दोन जनावरांच्या शेणात तीन एकर कसे भागणार? मी चिडून ह्यांना म्हटलं, "अहो, रोज मोकळी गाडी आणता. मार्केट यार्डात पाल्याचे ढीग पडलेले असतात म्हणता, ते का नाही आणत?"

हे हसले. "पुण्याचा कचरा आपण घाट चढवून वर आणायचा?"

ज्याने सासवड रोडने फुरसुंगी, उरुळी देवाची करत गाडी चालवली आहे त्याला हे हसू कळेल. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथे येऊन पडला, त्याचे डोंगर झाले, आसपासच्या विहिरी नासल्या, गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. आमच्याकडे पुण्याचा कचरा म्हटलं की तेच आठवतं. तसं पुण्याचं पाणी आम्ही घेतोच. पुरंदर उपसा सिंचन योजनेच्या पाइपातून येतं ते मुळा-मुठेचंच. त्याला कोणी नाक मुरडत नाही, उलट आवर्तन कधी सुटणार म्हणून एकमेकांना फोन करतात.

जमिनीची तऱ्हा अशी झाली होती की पाणी दिलं की वर पापुद्रा धरायचा आणि चौथ्या दिवशी भेगा. कोळपं लावलं तर आत जायच्या ऐवजी वरून उड्या मारायचं. जमीन आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळतात, आमच्याकडेही एक होती, विजेच्या बिलांच्या गड्ड्यात. पण त्या योजनेत बागायतीला अडीच हेक्टरमागे एक नमुना घ्यायचे, त्यामुळे त्या कागदावर आमची माती कितीशी होती देव जाणे. म्हणून मी स्वतः नमुना काढला. विहिरीजवळच्या एका एकरात नागमोडी चालत आठ ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घेतले, वीतभर खोलीपर्यंत कडेची खापली काढली, सगळी माती घमेल्यात कालवली, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, परत चार भाग, असं करत अर्धा किलो उरवली आणि कापडी पिशवीतून पुण्याला दिली. निकाल आला: सामू (पीएच) ८.२, सेंद्रिय कर्ब ०.३४ टक्के, शेरा "कमी". आत्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ह्याला कागद कशाला लागतो? पायाला लागतंय की."

पहिल्या वर्षी मी जे केलं ते सांगायला आता लाज वाटते, पण सांगते, कारण माझ्यानंतर आमच्याच भावकीतल्या दोघांनी तेच केलं.

ह्यांनी अडतीवर बोलून ठेवलं. कोबी-फ्लॉवरचा वरचा पाला, सडकी पत्ती, मेथी-कोथिंबिरीच्या पिवळ्या जुड्या, हमाल एका कोपऱ्यात लोटून ठेवायचे. त्यांनाही ते उचलून टाकायचं ओझं नको होतं. सप्टेंबरात सात-आठ खेपा आल्या. मी तो पाला पाव एकरात पसरला, त्यावर दौंडकडच्या पाव्हण्यांकडून आणलेलं उसाचं पाचट टाकलं, रोटाव्हेटर मारला आणि पंधरा दिवसांत रांगड्या कांद्याची लागण केली. मनात हिशेब सरळ होता: पाला कुजला की खत, मग तो खड्ड्यात कुजला काय आणि रानात कुजला काय.

तिसऱ्या आठवड्यात पात पिवळी पडायला लागली. बाकीच्या रानातला कांदा हिरवागार आणि जिथे मी "खत" घातलं तोच तुकडा कावीळ झाल्यासारखा. युरिया टाकला, चार दिवस हिरवा झाला, परत पिवळा. आत्या बांधावर उभ्या राहून काही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

कृषी सहायकांनी येऊन पाहिलं आणि मूठभर माती उकरून अर्धवट पाचट माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, "ताई, पंगतीला आधी कोण बसलंय बघा." पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचं अंग वाढवायला नत्र लागतं, पाचटात ते मिळत नाही, म्हणून ते मातीतलं उचलतात. पीक उपाशी राहतं. जिवाणू मेले की ते नत्र परत मातीत येतं, पण तोवर कांद्याचं वय निघून गेलेलं असतं. कर्ब-नत्र गुणोत्तर हा शब्द मी बारावीला पाठ केला होता. त्याचा अर्थ मला पाव एकर कांदा घालवून कळला.

दुसऱ्या वर्षी ठरवलं, रानात काही कच्चं न्यायचं नाही. घरामागे आंब्याच्या सावलीत ढीग घालायचा.

आमच्याकडे पूर्वी खड्डाच असायचा. भरायचा, वरून शेणामातीने लिंपायचा आणि सहा-आठ महिने विसरायचा. ही बंगळूर पद्धत. जमिनीवर ढीग घालून तो पलटत राहायचा ती इंदूर पद्धत, अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते ३१ च्या दरम्यान इंदूरला बसवलेली, तीही इथल्याच शेतकऱ्यांचं बघून. मला खड्डा नको होता, कारण भाजीच्या पाल्यात शंभर किलोंमागे पंचाऐंशी-नव्वद किलो पाणीच असतं. खड्ड्यात ते पाणी जाणार कुठे?

हे शहाणपण असूनही पहिला ढीग नासला. दीड टन कोबीचा पाला एका सकाळी उतरवला, मध्ये पाचटाचा एक पातळ थर दिला आणि वर शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण, ओतला. चार दिवसांत ढीग कंबरेवरून गुडघ्यावर आला. खालून काळं पाणी वाहायला लागलं, आणि वास असा की शेजारच्या काकू पदर नाकाला लावूनच भांडायला आल्या. माशा त्यांच्या गव्हाणीपर्यंत गेल्या होत्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ढिगात हवा नव्हती, सगळा पाला एकमेकांवर चिकटून आतून आंबत होता.

मग कोरडं शोधायची धडपड. ओल्या पाल्याच्या एका पाटीला कोरड्याच्या दोन पाट्या, हे प्रमाण मला जमलं. कोरडं म्हणजे कुट्टी मशिनातून काढलेलं पाचट, तुरीच्या काड्या आणि आमच्या तालुक्यात हमखास मिळणारी अंजिराची पानगळ. सीताफळाचा पालाही घातला. लाकडाचा भुसा घालून बघा असं एकाने सुचवलं, पण त्यात कर्ब नत्राच्या तीनशे-चारशे पट असतो, आणि मला पंगत पुन्हा बिघडवायची नव्हती. ढीग पाच फूट रुंद, चार फूट उंच, लांबी आपल्या जागेप्रमाणे. प्रत्येक वीतभर थरावर शेणकाला शिंपडायचा, मूठभर जुनं खत टाकायचं, म्हणजे विरजण लागतं.

ओल किती, हे मुठीत कळतं. ढिगाच्या आतलं घेऊन दाबायचं. बोटांतून एक-दोन थेंब डोकावले तर बरोबर, धार लागली तर कोरडं घाला, नुसताच हात ओलसर झाला तर पाणी मारा. उष्णतेसाठी पहार. पहार ढिगात खुपसून पाच मिनिटांनी बाहेर काढायची आणि आत होतं ते टोक धरून बघायचं. धरवत नसेल तर ढीग चालू आहे. ५५ अंशांच्या वर तीन दिवस राहिला की बहुतेक तणाचं बी आणि रोगाचे जंतू मरतात. पहिल्यांदा पहार काढली आणि सवयीने पकडली, तेव्हा तळहाताला जो चटका बसला तो मी आनंदाने सगळ्यांना दाखवत फिरले. थंडीच्या सकाळी ढीग पलटला की आतून वाफ निघते, चुलीवरच्या हंड्यासारखी. कालवड तिथेच येऊन उभी राहायची, उबेला.

पलटणी दर पंधरा दिवसांनी. हे काम वाचायला एक ओळ आहे आणि करायला दोन माणसांचा अख्खा दिवस. पाठ मोडते. ज्यांना कोणी "कचऱ्यातून फुकट खत" असं सांगतं त्यांनी ही ओळ परत वाचावी.

आणि दोरा. दोऱ्याबद्दल मला कोणीच सांगितलं नव्हतं.

दसऱ्याला मार्केट यार्डात झेंडूची इतकी आवक होते की दुपारनंतर भाव कोसळला तर लोक फुलं तिथेच टाकून जातात. ह्यांचा दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, "गाडी भरून झेंडू देतायत, आणू का?" मी नाचलेच. पिकअप घाट चढून आला तो नारिंगी होऊन. आत्यांनी चार मुठी काढून आधी देवाला आणि मग गाडीलाही घातल्या. सुट्टी फुलं होती ती ढिगात मुरून गेली. माळा मात्र तशाच ढिगात घातल्या. चार महिन्यांनी फुलांचं काळं भुसभुशीत खत झालं, आणि माळांचा दोरा जसा होता तसाच, लांबच्या लांब, पांढरा. नायलॉन. फावडं मारलं की फावड्याला गुंडाळायचा, चाळणीत अडकायचा. एकदा रानात गेला तर रोटाव्हेटरच्या पात्यांना असा बसला की ट्रॅक्टरवाल्याने खाली उतरून विळ्याने कापत अर्धा तास घालवला, आणि तो अर्धा तास माझ्या बिलात लावला.

त्यानंतर आत्यांनी ते खातं आपल्याकडे घेतलं. गाडी उतरली की त्या पोत्यावर बसतात आणि ढिगात जाण्याआधी एकेक माळ ओढतात: दोरा एका बाजूला, फुलं दुसऱ्या. जुड्यांच्या प्लॅस्टिक सुतळ्या, फळांवरची स्टिकरं, रबर, गोणीच्या पट्ट्या, एकदा तर कुणाचं तरी घड्याळ. दोऱ्याचे त्या गुंडे करतात. गेल्या वर्षी टोमॅटोची बांधणी त्याच दोऱ्यावर झाली. हॉटेलचं उरलेलं अन्न देतो म्हणून एक जण मागे लागला होता. मी नको म्हटलं. त्यात मीठ आणि तेल, आमच्या चुनखडीच्या रानाला मीठ घालायची हौस नाही.

मधल्या काळात दोन आडवाटाही झाल्या. एकदा "शंभर टक्के सेंद्रिय" लिहिलेल्या चाळीस किलोंच्या वीस गोण्या घेतल्या. एक गोण घमेल्यात पाणी घालून कालवली तर तळाला बोटभर रेती बसली. विकणाऱ्याचा फोन तेव्हापासून लागत नाही. दुसरी वाट साखर कारखान्याच्या मळीची, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाची. पाव्हण्यांनी एक ट्रॉली पाठवली. ती वाईट नसते, तिच्यात स्फुरद चांगलं असतं, पण ताजी मळी आतून तापते आणि तिच्यातल्या मेणामुळे लवकर फुटत नाही. ती मी पाच महिने ढिगातच मुरवली. पाव्हण्यांनी ताजीच टाकली आणि मिरचीची रोपं जाळून घेतली.

खत झालं की नाही, हे मी मेथीला विचारते. एका डब्यात खत आणि माती निम्मी-निम्मी, दुसऱ्यात नुसती माती, दोन्हीत पन्नास-पन्नास दाणे. मातीतले चाळीस उगवले आणि खताच्या डब्यातले वीसच, तर ढीग अजून कच्चा आहे. आणखी सोपं म्हणजे मूठभर ओलसर खत पिशवीत गाठ मारून तीन दिवस ठेवायचं. गाठ सोडल्यावर पहिल्या पावसासारखा वास आला तर रानात न्या, नाक मागे घ्यावं लागलं तर थांबा.

आता हिशेब. दीड टन कोबीच्या पाल्याचं शेवटी थोडंसंच खत उरतं. म्हणून वर्षाला चाळीसेक खेपा, वर पाचट, पानगळ आणि घरचं शेण घालून माझं पाच-सहा टनच बनतं. ते मी तीन एकरांत वाटलं नाही, वाटलं असतं तर कोणालाच पुरलं नसतं. विहिरीजवळच्या एका एकरालाच तीन वर्षं दिलं, उन्हाळ्याच्या शेवटी, पालखी सासवडला येते त्या सुमारास. पालखीच्या दिवसांत घाट बंद असतो, गाडी घरी असते, त्यामुळे ह्यांना खत विसकटायला आयतं पकडता येतं. त्याच एकरात कडेचे चार वाफे मात्र कोरडे ठेवले. त्यांना खत नाही, बाकी युरिया, पाणी, रोप सगळं सारखं. हे चार वाफे आत्यांना अजून पटलेले नाहीत. "लेकरांतल्या एकाला उपाशी ठेवायचं आणि बघायचं काय होतं?"

पहिल्या वर्षी फरक दिसलाच नाही, खरं सांगते. दुसऱ्या वर्षी काटा हलला. तिसऱ्या वर्षी दहा बाय सहाच्या वाफ्यात, पात कापून, कोरड्या चार वाफ्यांची सरासरी ११ किलो आली आणि खताच्या चारांची साडेचौदा. त्या हंगामात पाऊसही बरा होता, पण तो दोघांवर सारखाच पडला. मला कांद्यापेक्षा पाण्याचा फरक मोठा वाटला. पूर्वी आठव्या दिवशी दारं धरायला लागायची, आता दहाव्या-अकराव्या दिवशी. आणि वाफसा. पाऊस पडून गेल्यावर शेजारचं रान चिखल असताना आमच्या त्या एकरात दुसऱ्या दिवशी खुरपणीला बाया बसतात. खुरप्याला गांडूळ लागतं, तेव्हा बाया ओरडतात आणि मी हसते.

माती पुन्हा तपासली. कर्ब ०.३४ चा ०.४४ झाला. तीन वर्षांत एवढाच. मी जरा हिरमुसले, तर कृषी सहायकांनी आकडा उलगडून दाखवला: एका एकराची वरची वीतभर माती म्हणजे सुमारे नऊ लाख किलो. तिच्यात शेकडा ०.१ कर्ब म्हणजे ९०० किलो निव्वळ कर्ब, आणि घातलेल्यातला बराचसा तर जिवाणू खाऊन हवेत सोडतात. तेव्हापासून तो ०.४४ मला लहान दिसत नाही. कार्डावर शेरा "मध्यम".

युरिया मी बंद केलेला नाही, आणि जे लगेच बंद करा म्हणतात त्यांच्याशी माझं पटत नाही. एक टन चांगल्या कंपोस्टात साधारण १० किलो नत्र असतं, म्हणजे युरियाची अर्धी गोण, आणि तेही त्या वर्षी सगळं हाती येत नाही, हळूहळू सुटतं. पहिल्या वर्षी कुणी नुसत्या माझ्या खतावर कांदा काढायला गेला तर मला शिव्या देईल. त्या एकराला पूर्वी अडीच गोण्या लागायच्या, आता दीड.

यंदा एक नवी अडचण आली आहे. यार्डातला तो कोपरा आता मोकळा नसतो. ह्यांच्या आधी दुसऱ्याच दोन गाड्या लागलेल्या असतात, आणि परवा एका हमालाने पाल्याच्या गाडीमागे दोनशे रुपये मागितले. हे म्हणाले, "बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, हा तर चार वर्षांतच भाव खायला लागला." शंभरावर तुटलं.

आणि झेंडू उगवलाय. विहिरीजवळच्या एकरात, कांद्याच्या वाफ्यांच्या कडेने, तीसेक रोपं. ढिगाची बाहेरची बाजू आतल्यासारखी तापत नाही, आणि गेल्या वेळी दुसऱ्या पलटणीला मी कडा आत न घालता नुसतं वर-खाली करून हात झाडले होते. तिथलं बी जगलं. मी उपटायला बसले तर आत्यांनी हात धरला. "राहू दे. ह्या दसऱ्याला विकत नको आणायला." मग पायाशी बघून म्हणाल्या, "ह्यांना दोरा पण नाही."